दुसरी मूळ प्रत

"छे, बाई असं करत नाहीत. आजच नेमकं काय झालं यांना," मास्तर पुटपुटले.

पुटपुटले ते स्वतःशीच, पण त्यांच्या आणि त्याच्या टेबलात वीतभरच अंतर होतं. त्यामुळे मास्तरांचं स्वतःशी बोलणं गेली अकरा वर्षं त्यालाच ऐकावं लागत होतं. पाठ धरली, चहा पांचट झालाय, ही ट्यूब डोळे मिचकावते. हे सगळं तो ऐकत असे आणि ऐकत नसे. आज मात्र 'बाई' हा शब्द कानात शिरला आणि मानेवर कुणी ओला हात ठेवावा तसं त्याला झालं. मास्तर एकाच बाईला बाई म्हणत, एका कारखान्यातून या विभागात कागद पाठवणाऱ्या बाईला, आणि ती त्याची बायको होती. बाकीचे तिला वहिनी म्हणत. वहिनी म्हटलं की त्यात तो असतोच, दारावरच्या पाटीसारखा. आत जायचं तर त्याचं नाव वाचूनच. 'बाई'मध्ये तो कुठेच नव्हता. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे, तिथली सवय असेल, अशी त्याने स्वतःची पुष्कळदा समजूत घातली होती. समजूत पटत असे, आवडत नसे.

त्याचं बोट एका इनव्हॉइसच्या चौथ्या ओळीवर होतं, ते तिथेच राहिलं. बँकेच्या निर्यात विभागात बावीस वर्षं त्याने हेच केलं होतं: बोट ओळीवर ठेवायचं आणि एलसीतल्या ओळीशी ताडून बघायचं. परदेशातलं गिऱ्हाईक माल मागवतं. त्याची बँक लिहून देते, की अमुक कागद अमुक तारखेच्या आत आणि अमुक शब्दांत आले तर पैसे मिळतील. त्या लिहून देण्याला एलसी म्हणायचं. मग इथल्या कारखान्यातून कागदांचा सेट येतो, इनव्हॉइस, जहाजाची पावती, विम्याचं प्रमाणपत्र. तो तपासून पुढे पाठवायचा. माल कुणी बघत नाही. खोक्यात बिजागऱ्या आहेत की विटा, याच्याशी तपासणाऱ्याला काही देणंघेणं नाही. कागदाच्या तोंडावर जे दिसतं ते खरं. एकदा पत्त्यातला एक स्वल्पविराम गळला म्हणून त्याने अख्खा सेट परत पाठवला होता, तेव्हापासून पाठीमागे सगळे त्याला स्वल्पविराम म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि आतल्या आत तो ते बिरुद म्हणून मिरवत असे.

"काय झालं?" त्याने मान न वळवता विचारलं.

"विम्याचा कागद. तळाला स्वच्छ छापलंय, दोन मूळ प्रती दिल्या म्हणून. सेटमध्ये एकच आहे." मास्तरांनी अंगठ्यावरची रबरी टोपी काढली, पुन्हा घातली. "पाचदा मोजलं. एकच."

दोन दिल्या असं कागदच सांगत असेल तर दोन्ही हव्यात. मागे राहिलेली दुसरी प्रत घेऊन कुणी भलताच माणूस विम्याच्या दारात उभा राहू शकतो. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. कुणी सांगायला नको होतं ते आणखीही एक होतं, ते मास्तरांनी तरी सांगितलं, "एलसी आज संपतेय हो. चारला खिडकी बंद. ते गिऱ्हाईक माल नाकारायला निमित्तच शोधतंय, असं बाईच म्हणाल्या होत्या मागच्या गुरुवारी."

त्या वेळी त्याला जे वाटलं ते त्याला नंतर कितीतरी वेळ नीट बघवलं नाही. पोटात काहीतरी गार आणि गोड सरकलं. उन्हातून आल्यावर माठातलं पहिलं पाणी उतरतं तसं, छातीपासून खालपर्यंत, वाट करत. तिची चूक. सहा वर्षांत पहिली. आणि मग, बरंच मागून, दमलेल्या माणसासारखा, एक विचार आला की हिचं आता काय होईल. कारखान्याचा माल समुद्रात आहे, पैसे अडकले तर मालक कुणाला धरेल हे उघड होतं. महिन्यापूर्वीच तिला कागदपत्र विभागाची प्रमुख केलं होतं. ती बातमी घरात आली तीही अशी, की जणू आजारी माणूस झोपलाय आणि आवाज करायचा नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मस्तच," आणि लगेच, "बाबा आहेत का तिथे?" नेमणुकीचं पत्र बायकोने कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलं. त्याने ते शोधून वाचलं. त्यातही चूक नव्हती, पण ते पत्र तिने लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते मोजण्यात अर्थ नव्हता.

तिला त्यानेच शिकवलं होतं. हे तो कुणालाही सांगायचा, पूर्वी. मुलगी शाळेत जायला लागली, दुपारी घर रिकामं पडायला लागलं, तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही दिवसभर करता तरी काय ते एकदा दाखवा." मग जेवणाच्या टेबलावर, ताटं उचलल्यावर, ओलं फडकं फिरवून ते वाळेपर्यंत दोघं थांबायची आणि तो जुन्या एलसींच्या रद्दीतल्या झेरॉक्स पसरायचा. तिला आधी हसूच आलं होतं. "माल न बघता कळतं कसं हो?" "कळायचं नसतंच. कागद नीट दिसला पाहिजे." "म्हणजे पाहुणे यायच्या आधी आपण घर आवरतो तसं. कपाट उघडायचं नाही." तो खूप हसला होता. तेव्हा तो तिच्या बोलण्यावर हसायचा. तो मुद्दाम कागदात चुका पेरायचा, एखादं अक्षर खोडून, एखादी तारीख एका दिवसाने सरकवून, आणि तिने त्या वेचायच्या. तेलाचा वास लागलेल्या तिच्या बोटाचं टोक ओळीवरून सरकायचं, त्याच्यापेक्षा हळू, पण मागे न येता. आणि एकदा त्याने तीन चुका पेरल्या होत्या, तर तिने चार काढल्या. चौथी त्याने पेरलेली नव्हती. विम्याच्या तारखेची होती ती. माल बोटीवर चढल्यानंतर विमा उतरवलेला, नियमात न बसणारा. तो सेट चार वर्षांपूर्वी त्याच्याच हाताखालून, त्याच्या सहीने, खुशाल पास झालेला होता. तो हसला, पाठीवर थाप मारली, दुसऱ्या दिवशी बँकेत आपणहून ही गंमत सांगितली. मास्तर म्हणाले, "वा." त्या 'वा'ने काहीतरी सुरू झालं. किंवा आधीच सुरू झालेलं त्या दिवशी ऐकू आलं.

पुढे ती बिजागऱ्यांच्या कारखान्यात लागली आणि तिचे सेट याच बँकेत यायला लागले, तेव्हा त्याने स्वतः साहेबांना अर्ज दिला: माझी पत्नी तिथे नोकरीस असल्याने तेथील कागदपत्रे मजकडे तपासणीस देऊ नयेत. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत." घरीही तोच नियम. ती कधी कागद घरी आणायची, टेबलावर मांडायची, आणि तो त्या बाजूला बघायचासुद्धा नाही. ती म्हणायची, "तुमच्या घरात कागद तिजोरीत ठेवल्यासारखा असतो. कुणाचा हात लागायचा नाही." तर असा तो सरळ माणूस, आणि असे तिचे सगळे सेट सहा वर्षं मास्तरांच्या टेबलावर, वीतभर लांब. दर गुरुवारी मास्तर तिचा सेट उघडायचे आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा इतरांचा ओळखीच्या अक्षरातलं पाकीट बघून होतो. "बाईंचा सेट म्हणजे बघावं लागतच नाही. पण मी बघतो. बघायला बरं वाटतं."

दोन वर्षांपूर्वी कसलीतरी जुनी फाइल काढायला तो रेकॉर्ड रूममध्ये गेला होता. तिथे कागदाला ओल लागलेली असते, श्वास घेतला की जिभेवर चव येते. तिथे तिच्या एका सेटची बँकेकडची प्रत हाती लागली. कडेला फिकट पेन्सिलीत मास्तरांचं अक्षर: पान तीन, ओळ सात, तुमचंच बरोबर. एवढंच. बहुतेक मास्तरांनी फोनवर शंका काढली असेल, तिने समजावलं असेल, मास्तरांनी टिपून ठेवलं असेल. त्यात काही नव्हतं. त्याने घरी येऊन हात धुतले, जेवला, आणि घास चावताना डोक्यात तेच वाजत राहिलं. तुमचंच बरोबर. एकवीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द त्याच्या तोंडून तिला मिळाले नव्हते. 'ठीक आहे' मिळालं होतं, 'बघू' मिळालं होतं, 'तू म्हणतेस तर तसं' हे तर भरपूर. मास्तरांचा त्याला संशय नव्हता. मास्तर विधुर होते, पाठदुखीचे होते, गुरुवारी शर्टाला इस्त्री असे एवढाच काय तो फरक, आणि तो फरक त्याने कॅलेंडरावर खुणा करून पक्का केला होता. संशय असता तर बरं झालं असतं. संशयाचं काय करायचं ते माणसाला माहीत असतं. पण परक्या माणसाने आपल्या बायकोचं वाक्य वाचून सुखावणं, आणि ते सुख खरं असणं, याला कुठल्या रकान्यात टाकायचं ते त्याला उमगेना.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत तो रेकॉर्ड रूममध्ये जायला लागला. डबा बाहेर, हा आत. सहा वर्षांचे तिचे सेट त्याने एकेक करून तपासले. तिची टाचणी कागदाच्या कडेला नेहमी समांतर असायची. तिच्या इनव्हॉइसमध्ये मालाचं वर्णन एलसीतल्यासारखं, अक्षराला अक्षर. इतर कागदांत चालेल तेवढं मोघम, पण कुठेही एकमेकांना छेद न देणारं. विम्याची रक्कम नेमकी. तारखा ओळीत उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या, पुढची पुढे, मागची मागे. एकदा त्याला दोन शब्दांमध्ये जागा दुप्पट सुटलेली सापडली. ती दुपार काय आनंदात गेली. त्याने मास्तरांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला. संध्याकाळी सुचलं म्हणून एलसी काढून बघितली, तर तिथेही तेवढीच जागा सुटलेली. तिने ती चूकसुद्धा निष्ठेने उतरवली होती.

मास्तर आता फोन लावत होते. "तुम्ही करता का फोन? नाही, म्हणजे घरचंच माणूस..."

"माझा सेट नाही तो," तो म्हणाला. "मी त्यात पडत नाही. नियमाने जे होतं ते करा."

"नियमाने चारपर्यंत थांबता येतं," मास्तर म्हणाले आणि रिसीव्हर कानाला लावला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण पलीकडे ती आहे हे मास्तरांच्या पाठीवरून कळलं; पाठ सरळ झाली. "बाई, मी बोलतोय. हो, पोचला. विम्याची एकच प्रत आहे हो. नाही, खाली पडली नाही, बघितलं मी. मोजल्या होत्या ना? मला माहीत आहे तुम्ही मोजता." ट्यूब मिचकावत होती. "घरी?" मास्तर म्हणाले. त्यांची मान त्याच्याकडे वळायला निघाली आणि अर्ध्यातच थांबली, जशी न्हाणीघराचं दार चुकून उघडल्यावर थांबते. "बरं. बरं. मी आहे इथे." रिसीव्हर त्यांनी इतका हळू ठेवला की आवाजच झाला नाही.

घरी, या शब्दाने त्याची सकाळ त्याच्यासमोर उघडली. विम्याचा कागद काल संध्याकाळी उशिरा मिळाला म्हणून ती सेट घरी घेऊन आली होती. साडेसातला ती आंघोळीला गेली. टेबलावर फाइल, फाइलवर तिचा चष्मा. आतून बादलीत पाणी पडत होतं. तो उठला. त्याने चष्मा बाजूला ठेवला, विम्याच्या दोन्ही प्रती काढल्या आणि खिडकीच्या काचेवर एकीवर एक ठेवून उजेडात धरल्या, की दोन्हींत एखादं अक्षर इकडचं तिकडे झालंय का. सहा वर्षं घरी पाळलेला नियम मोडायला त्याला तेवढाच वेळ लागला, बादली भरायला लागतो तेवढा. आपली वही त्याने शेजारीच उघडून ठेवली होती. बावीस वर्षांत पकडलेल्या तफावतींची ती वही, जाड पुठ्ठ्याची, पुठ्ठ्याच्या आत कप्पा. त्याने तारीखसुद्धा घातली होती. मग नळ बंद झाला. पाण्याचा आवाज थांबला की घर किती मोठं होतं. त्याने घाईने कागद फाइलीत सरकवला, चष्मा जागेवर ठेवला, वही मिटली. कागद सरकवला. कागद, एक. ती डोकं पुसत बाहेर आली, फाइल उचलून पिशवीत घातली आणि पुन्हा मोजली नाही. कशाला मोजेल. आंघोळीआधी मोजल्या होत्या, आणि या घरात कागदाला कुणाचा हात लागत नाही.

वही खणात होती. त्याने खण अर्धा ओढला, पुठ्ठा बोटाने उचलला. आतल्या कप्प्यात विम्याच्या कागदाची निळसर कड. अक्षरं न वाचता कळली. आणि समोरच्या पानावर आजची तारीख, खाली काही नाही.

त्याने खण बंद केला. मग इनव्हॉइसच्या चौथ्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं आणि ती ओळ त्याला काही केल्या वाचता येईना. दुपारचा एक वाजला, दोन वाजले. काही न करणं किती सोपं आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. चार वाजले की ती चूक होईल. कुणीही केलेली असो, कागदाच्या तोंडावर ती तिची असेल, कायमची, रेकॉर्ड रूममध्ये, ओल लागेपर्यंत. ती घरी येईल, पिशवी खाली ठेवून खुर्चीवर बसेल, आणि तो म्हणेल, "होतं असं. माझ्याकडूनही झालंय." तो तिला पाणी देईल. ती रडेल, तो पाठीवर हात ठेवेल. तिच्या पाठीवर हात ठेवून किती दिवस झाले. हे चित्र त्याला इतकं गोड वाटलं की त्याला स्वतःचीच किळस आली, आणि किळस आली तरी त्याने ते पुसलं नाही. आणखी एकदा, सावकाश, पाण्याच्या पेल्यापासून बघितलं.

पावणेतीनला मास्तर उठले. "मी जरा तोंड धुऊन येतो," ते म्हणाले. "मग साहेबांकडे काम आहे. दहा मिनिटं लागतील, पंधरासुद्धा. सेट इथे टेबलावरच आहे, उघडा. राहू दे तसाच." जाताना त्यांनी खुर्ची आत सारली, वाट मोकळी व्हावी अशी. त्याला कळलं. वीतभर हात लांब केला की झालं. कागद सेटमध्ये जाईल, मास्तर येऊन म्हणतील, अहो सापडला, चिकटून बसला होता. कुणी काही बोलणार नाही, आज, उद्या, जन्मभर. खणाच्या मुठीवर त्याचा हात गेला. पण ही माफी त्याच्यासाठी नव्हती. मास्तर पंधरा मिनिटं उभे राहणार होते, नळाखाली उगाच हात धरून, ते बाईंसाठी. तिच्या नावाने मिळालेलं दान खिशात घालून, पुन्हा रोज वीतभर अंतरावर बसायचं. त्याने हात काढून घेतला. तो तसाच बसला आणि मास्तर परत आले तेव्हा त्यांनी सेटकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा स्वतःशीसुद्धा काही बोलले नाहीत.

साडेतीनला ती आली. काउंटरपलीकडे उभी राहिली, हातात काही नाही, केस एका बाजूने सुटलेले. घरी जाऊन सगळं उलटंपालटं करून आली असणार. बोटांना पलंगाखालची धूळ होती. साहेब नेमके केबिनबाहेर आले. "काय वहिनी, आज तुम्ही स्वतः?"

"एक कागद द्यायचा राहिला होता," ती म्हणाली.

"मग द्या की. कुठाय?"

ती त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. जुन्या झेरॉक्सवर बोट फिरवताना बघायची तशी, हळू, मागे न येता. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"यांच्याकडे दिला होता मी सकाळी," ती म्हणाली. "जाता जाता घेऊन जा म्हटलं. विसरले असतील कामात."

आयुष्यात तिने कागदावर खोटं अक्षर घातलं नव्हतं, आणि हे तिने भर बँकेत, साहेबांसमोर, सहज घातलं. इतकं बेमालूम, की तपासणारा एखादा असता तर त्याने पास केलं असतं. साहेब हसले. "अहो, मग काढा ना. इथे वहिनींच्या जिवाला घोर." त्याने खण ओढला, वही काढली, पुठ्ठ्याआडून निळसर कागद काढला. दोन पावलं चालून काउंटरवरून तिच्या हातात दिला. तिने तो एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला, मास्तरांकडे सरकवला. मास्तरांनी शिक्का उचलला, पॅडवर टेकवला, कागदावर दाबला. तीन बत्तीस. दुसऱ्या प्रतीवर पुन्हा. सगळं जिथल्या तिथे बसलं. घरी जाऊन जेवायचं, ताटं उचलायची, फडकं फिरवायचं, एवढंच उरलं होतं.

वही काउंटरवर उघडीच राहिली होती. तिने तारीख वाचली. तारखेखालची कोरी जागा वाचली. आणि अगदी हळू, त्याच्यापुरतंच, विचारलं, "मग, सापडली का एखादी?"

'कसली' असं म्हणता आलं असतं. शब्द तोंडात तयारही होता. मास्तर शिक्क्याची डबी बंद करत होते, साहेब केबिनकडे वळत होते, सगळ्यांनी आपापल्या परीने पाठ फिरवून त्याला वाट करून दिली होती.

"हिने नव्हता दिला मला कागद," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. साहेब थांबले. "मी काढून घेतला. ही आंघोळीला गेली तेव्हा. चूक शोधायला." मग तो तिच्याकडे वळला. "नाही सापडली. दोन वर्षं तुझे सगळे सेट काढून बघतोय मी खाली रेकॉर्ड रूममध्ये, जेवायचं सोडून. एक सापडत नाही. तुझं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे ग. आणि मला ते सोसत नाही."